वळणाआडची म्हैस

जुनी गाडी तपासून घ्यावी हे कुणालाही पटतं. पण कालच शोरूममधून आणलेली, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलं असलेली गाडी दर तीन महिन्यांनी सरकारी तपासणीला न्यायची, हे कराडच्या संगम कॉलनीला काही केल्या पचत नव्हतं. शेवटी महाडिक वहिनींनी तोडगा काढला. "तान्ह्या पोराला नाही का नेत आपण? दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा, साडेतीनचा. तसाच हा गाडीचा डोस समजायचा," त्या म्हणाल्या. तेव्हापासून अख्ख्या कॉलनीत तपासणीला डोस हेच नाव पडलं. लोक रस्त्यात थांबवून एकमेकांना विचारत, "काय, डोस झाला का गाडीचा?"

डोसाची खरी भीती गाडीमुळे नव्हती. ब्रेक, चाकं, बॅटरी हे सगळं नव्या गाडीत ठणठणीतच असायचं. भीती होती ती शेवटच्या एका शब्दाची. केंद्रावरच्या पडद्यावर सगळ्यात खाली लिहून यायचं, 'हात'. आणि त्याच्यापुढं हिरवा किंवा लाल ठिपका.

त्याचं असं होतं. या नव्या गाड्यांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा नव्हता. हातानं स्टिअरिंग फिरवलं की त्याचा संदेश तारेतून जाई आणि चाकांपाशी बसवलेली मोटर चाकं वळवी. वजन वाचलं, जागा वाचली, पण धास्ती वाढली. जुना दांडा कुरकुर करून, खडखड करून, महिनाभर आधी सांगून बिघडायचा. तार मात्र न सांगता दगा देते, आणि गाडी नवी असतानाच देते. म्हणून कारखान्यातच त्या मोटरच्या दात्यांवर एका मऊ धातूचा अगदी पातळ थर चढवत. गाडी जितक्यांदा वळेल तितके बारीक ओरखडे त्या थरावर उठत, आणि तपासणी केंद्रातलं यंत्र प्रकाशाच्या झोतानं ते ओरखडे वाचून मोटर नीट चालते की नाही ते सांगे.

इथवर सगळं गाडीचंच होतं. पण ओरखडे वाचता वाचता तपासणाऱ्यांच्या ध्यानात एक वेगळीच गोष्ट आली. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांचे ओरखडे वेगळे होते, आणि दोन वेगळ्या गाड्या एकानंच चालवल्या तर ते सारखे दिसत. माणूस सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग कधी स्थिर धरत नाही. नकळत इकडं तिकडं जरासं सावरत असतो, आणि प्रत्येकाची सावरण्याची रीत निराळी. तापट माणसाचा ओरखडा लांब आणि खोल. मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्याचा आधी काहीच नाही आणि मग एकदम मोठा. गाडी कोण चालवतं याची नोंद ठेवायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळं गाडीच्या संगणकात काही राहत नव्हतं. पण धातूला कायदा कळत नाही.

शेवटी सरकारनं मधला मार्ग काढला. यंत्रानं हात चांगला की वाईट एवढंच सांगायचं. कुणाचा आहे, असा का झाला, हे तपासणाऱ्यानं बोलायचं नाही. हात लाल आला तर पुढच्या तपासणीपर्यंत गाडीचा वेग बांधून टाकायचा. मग बसा सायकलींच्या मागून जात.

आता आपली माणसं ती आपली माणसं. नवे ओरखडे जुन्यांवर चढतात आणि यंत्राला शेवटच्या आठेक दिवसांचेच ठळक दिसतात, ही गोष्ट बाहेर फुटायला कितीसा वेळ लागणार? साखर तपासायच्या आधी आठवडाभर जिलेबी बंद करणारी मंडळी, त्यांनी गाडीलाही तोच न्याय लावला. डोसाच्या आधी आठ दिवस गाडी एखाद्या चांगल्या हाताकडं द्यायची आणि त्याच्याकडून हात फिरवून घ्यायचा.

आणि संगम कॉलनीत चांगला हात म्हणजे हणमंत थोरातांचा. अख्खी कॉलनी त्यांना तात्या म्हणायची. तात्यांनी सगळी नोकरी एसटीत काढली, आणि त्यातली बहुतेक कराड-चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटातून. धुकं, दरड, रस्त्यावर बसलेली गुरं, काहीही असो, त्यांच्या गाडीला कधी ओरखडा उठला नाही. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली आणि पूजा झाल्यावर किल्ली मुलीच्या हातात ठेवली. मुलगी ऋतुजा ओगलेवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "तुला रोज जायचं असतंय. मला कॉलनीच्या गाड्या हायत की फिरवाय," असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. देसाई सर, महाडिक वहिनी, फळांचे व्यापारी बशीरभाई, आळीपाळीनं सगळ्यांच्या गाड्या तात्यांच्या दारात उभ्या असायच्या. तात्या सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसायचे. या कामाचा त्यांनी कधी छदाम घेतला नाही. वर ऐट अशी, जणू आमदाराच्या गाडीवर आहेत.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. आणि मग देसाई सरांच्या गाडीचा हात लाल आला.

सरांनी यंत्राला दोष दिला. महिन्याभरात महाडिक वहिनींचा हात लाल आला, तेव्हा कॉलनीनंही यंत्राला दोष दिला. आणि बशीरभाईंची आंब्याची गाडी ऐन हंगामात वेग बांधून मिळाली, तेव्हा मात्र सगळ्यांचा संयम सुटला. तात्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या.

"सरळ सरळ यंत्र बिघडलंय," देसाई सर म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं नेमकं. "तात्यांचा हात लाल? उद्या म्हणतील कृष्णेचं पाणी उलटं वाहतंय."

"माझा माल पाटणपर्यंत जाईस्तोवर पिकून गळतोय भाई," बशीरभाई म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून जाऊ. तात्या पुढं, आम्ही मागं."

तात्या खुर्चीत ताठ बसले होते. "जाऊ की," ते म्हणाले. "सोमवारी जाऊ. बगू यंत्र काय म्हणतंय ते."

ऋतुजा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला तात्यांचा अभिमान वाटला. कॉलनीसारखीच तिचीही खात्री होती की यंत्र बिघडलंय.

शनिवारी तिच्या स्वतःच्या गाडीचा डोस होता. गावाबाहेरच्या तपासणी केंद्रात गाडी रुळांवर चढली, यंत्र गुणगुणलं, आणि सगळे ठिपके हिरवे आले. केंद्रप्रमुख नसीम तांबोळी मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. ऋतुजानं त्यांना सरळच विचारलं.

"मॅडम, माझी गाडी पास होते. मग आमच्याच कॉलनीतल्या तीन गाड्या कशा नापास होतात? यंत्र एकदा तपासून घ्या ना."

"घेतलं. दोनदा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी काचेचं दार लोटलं. "मला नाव घेता येत नाही. नाव मला माहीतही नाही. पण तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात, म्हणून एक गंमत दाखवते. नव्या पोरांना शिकवताना मी हा हात दाखवायची. मागच्या वर्षीचा आहे."

पडद्यावर धातूचा थर मोठा होऊन आला. ओरखडे बारीक होते, एकसारखे नव्हते, पण कुठं घाई नव्हती की कुठं झटका नव्हता.

"इतका सुरेख हात मी दुसरा पाहिलेला नाही. आणि ही खूण बघा." मॅडमनी पेन टेकवलं. "प्रत्येक वळणाच्या जरा आधी डावीकडे एक बारीकशी ओढ. समोर काही नसताना. ही कशासाठी ते आम्हाला कुणालाच कळलं नाही."

ऋतुजाला कळलं. 

ती म्हैस होती.

लहानपणी सुट्टीत तात्या तिला चिपळूणला मामाकडं न्यायचे. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, लोखंडी जाळीला नाक लावून ती बसायची. घाट लागला की तात्या मागं न बघता म्हणायचे, "ऋतू, वळणाआड काय हाय?" आणि ती ओरडायची, "म्हैस!" दिसत नाही म्हणून नाही असं धरायचं नाही, वळणापलीकडं एक म्हैस उभी आहे आणि तिला जागा ठेवायची आहे, असं समजून चालवायचं, ही तात्यांची रीत. ती 'म्हैस' म्हणायची आणि त्याच क्षणी गाडी हळूच डावीकडं सरायची. प्रवासी हसायचे. पुढं मोठी झाल्यावर ती मनातल्या मनात म्हणू लागली, पण म्हणायची राहिली नाही.

"आणि हा अलीकडचा," मॅडम म्हणाल्या. "तीनही गाड्यांत हाच आहे."

ओढ तिथं होती. पण वळण सुरू झाल्यावर. आणि मधलं ते बारीक सावरणं, ते कुठं कुठं गायबच होतं. हात थांबत होता, मग एकदम पायरी उतरल्यासारखा पुढं जात होता.

"कुणी शेजारी बसलं तर त्याला समजणार नाही," मॅडम म्हणाल्या. "असा माणूस डोळ्यांनी भरून काढतो. ब्रेक लवकर लावतो, अंतर जास्त ठेवतो. पण हात उशिरा पोचतोय." त्यांनी पडदा बंद केला. "यापुढचं बोलायची मला परवानगी नाही. मी बोललेलीही नाही. पण तो माझा कुणी असता तर मी त्याला मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं असतं."

ऋतुजा गाडीत बसली आणि किल्ली हातात धरून तशीच बसून राहिली. मेंदूचा आजार हातात उतरला तर हात कापायला हवा, तात्यांचा हात कुठं कापतो? रोज समोर चहाचा कप धरतात, थेंब सांडत नाही. ती स्वतःलाच समजावत घरी आली.

घरी आई, शालनताई, ओट्याशी कावल्या होत्या. दूध उतू जाऊन करपलं होतं आणि तात्या त्याच खोलीत पेपर वाचत बसले होते.

"एवढा वास सुटलाय, नाकाला काय झालंय का तुमच्या?"

"मला न्हाई आला," तात्या म्हणाले, आणि पेपर उलटला.

ऋतुजानं आईला मागच्या दारी नेलं आणि केंद्रातलं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं आई यंत्राला शिव्या घालेल.  पण शालनताईंनी दाराशी काढलेली तात्यांची चप्पल उचलली आणि उलटी करून मुलीपुढं धरली. डाव्या चपलेचा तळ सारखा झिजला होता. उजवीचं पुढचं टोक पार घासून गेलं होतं.

"दिवाळीपासनं बघतीया मी," त्या म्हणाल्या. "उजवा पाय घासत चालत्यात. चालताना उजवा हात हलत न्हाई, नुसता लोंबतोय. शर्टाची बटणं लावाय एवढा येळ लागतोय की मी खोलीतनं मुद्दाम भाईर जाते. इचारलं तर म्हणत्यात, वय झालं."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"काय बोलू? घाटातला गडी हाय त्यो. त्येला हात चालत न्हाई म्हणून सांगू?" शालनताईंचे डोळे भरून आले. "तूच सांग. तुझं ऐकत्यात."

सांगायचं म्हणजे काय, हे ऋतुजाला पुरतं ठाऊक होतं. नियम असा होता की असा हात एकदा कळला की डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्टिअरिंगला लावायचा नाही. न सांगणं सोपं होतं. सोमवारी मोर्चा जाईल, आरडाओरडा होईल, मॅडम नियमाप्रमाणं गप्प बसतील, आणि तात्या पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून कुणाच्या तरी गाडीत बसतील. अख्ख्या गावाच्या नजरेत यंत्र वाईट ठरेल आणि बाप चांगला राहील. तिला मनापासून तसंच व्हावंसं वाटत होतं. यंत्र चुकलं असेल का, याची तिनं एकदा स्वतः खात्री करायचं ठरवलं.

रविवारी सकाळी तात्या सोमवारसाठी हात फिरवायला बशीरभाईंची वेग बांधलेली गाडी घेऊन निघाले, तशी ती शेजारी जाऊन बसली. "मंडईपर्यंत सोडा," ती म्हणाली.

तात्या खूश झाले. गाडी अशी चालली होती की तिची सगळी काळजी तिला खुळेपणाची वाटू लागली. झटका नाही, घाई नाही, एक म्हातारी मध्येच आडवी आली तर तिला हात करून जाऊ दिलं. कुठं काय बिघडलंय? मग नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याचं वळण आलं. भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. ऋतुजानं डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात म्हटलं, म्हैस.

काहीच झालं नाही. आणि मग, तो शब्द कधीच संपून गेल्यावर, गाडी डावीकडं सरली.

पुढच्या वळणाला तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. इतकी वर्षं अंगात मुरलेला तो ताल चुकत होता, आणि तो चुकतोय हे साऱ्या जगात तिला आणि त्या यंत्राला दोघांनाच कळत होतं. ती खिडकीकडं तोंड करून बसली. तात्यांनी विचारलं, "काय गं, डोळ्यात काय गेलं?" ती हो म्हणाली.

दुपारी जेवणं झाल्यावर तिनं सांगितलं. ओरखडे, म्हैस, चप्पल, करपलेलं दूध, सगळं सांगितलं. शालनताई शेजारी बसून होत्या.  शेवटी तात्यांनी आपला उजवा हात पुढं करून बोटं ताणली आणि तिच्यासमोर धरली.

"कापतोय का?"

"नाही तात्या. पण..."

"मग झालं तर!" त्यांचा आवाज चढला. "भरली गाडी धुक्यातनं उतरवलीया ह्या हातानं. पुढं रस्ता दिसत न्हवता, मागं पन्नास माणसं झोपलीवती. तवा कुटं हुतं तुझं यंत्र? आता एक डबडं मला म्हैस शिकवणार? आणि तू, माझी पोरगी असून त्येच्या बाजूनं?"

"मी तुमच्याच बाजूनं आहे. म्हणून तर सांगतेय."

तात्या उठले, बाहेर गेले, आणि बशीरभाईंची स्वच्छ गाडी पुन्हा धुवायला लागले.  रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "सोमवारी दहा वाजता निघायचंय. ज्येला यायचंय त्येनं यावं."

सोमवारी निम्मी कॉलनी केंद्राच्या आवारात जमली. देसाई सर बोलायला उभे राहिले, बशीरभाईंनी आंब्याच्या नुकसानीचा पाढा वाचला. तांबोळी मॅडम शांतपणे ऐकत होत्या आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा ऋतुजाकडं वळत होती.  तात्या काय बोलणार आहेत, याचा तिला काही अंदाज नव्हता.

तात्या पुढं झाले. "मॅडम, ह्या यंत्रात हात तपासाय किती दिस लागत्यात?"

"थरावरून वाचायचा तर आठवडा. पण फेरतपासणीचा पाट आहे आमच्याकडं. त्यावर तिथल्या तिथं दिसतं."

"मग मला बसवा."

"इथं सगळ्यांसमोर नको. तुम्ही एकटे या, मी सवडीनं..."

"सगळ्यांस्नी बगू दे. सगळ्यांच्या गाड्या हायत."

ऋतुजा पुढं धावली. "तात्या, नको. घरी चला." त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

फेरतपासणीचा पाट म्हणजे एक सीट, एक स्टिअरिंग आणि समोर मोठा पडदा. पडद्यावर घाटाचा रस्ता सुरू झाला. खाली दोन रेघा धावू लागल्या, पांढरी रस्त्याची आणि हिरवी हाताची. तात्यांनी शर्टाची बाही सारखी केली आणि स्टिअरिंग धरलं.  बघणाऱ्याला वाटावं, काय चालवतोय गडी! एकही चाक रस्त्याबाहेर गेलं नाही. महाडिक वहिनी टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

पण तात्या रस्त्याकडं बघत नव्हते. ते त्या दोन रेघांकडं बघत होते. पांढरी वळत होती आणि हिरवी तिच्या मागून वळत होती. दर वेळी, इवलीशी मागून. आयुष्यभर त्यांनी गाड्यांची नाडी ओळखली होती. स्टिअरिंगला उशिरा जागणारी गाडी त्यांनी कितीदा तरी डेपोतून बाहेर काढायला नकार दिला होता. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढच्या वळणाला त्यांनी जीव एकवटून हात आधी ओढायचा प्रयत्न केला. हिरवी रेघ हललीच नाही. मग हलली.

त्यांनी स्टिअरिंग सोडलं. पडद्यावरची गाडी कठड्याला टेकून थांबली.

"मॅडम," ते म्हणाले, "म्हैस मेली."

कुणाला काही उमगलं नाही. मॅडमनाही नाही. ऋतुजा मात्र तोंडावर पदर दाबून उभी होती.

तात्या सीटवरून उठले आणि मंडळींकडं वळले. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "मशिन बरोबर हाय. तुमच्या गाड्या बऱ्या हायत. हात माझा खराब झालाय, आणि त्यो मी तुमच्या गाड्यांस्नी लावला. बशीरभाई, तुमचा आंबा माझ्यामुळं गेला. माफी करा."

 बशीरभाईच पुढं आले आणि त्यांनी तात्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आंबा काय, पुढच्या साली पुन्हा येतो," ते म्हणाले. देसाई सर चष्मा पुसत राहिले.

मिरजेच्या डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात सांगितली. हात कापायला लागण्याच्या कितीतरी आधी तो आत शिरतो, वास जातो, चाल बदलते, आणि बहुतेक लोक कापायला लागल्यावरच येतात, असं ते म्हणाले. "तुम्ही लवकर आलात. कुणी पाठवलं?"

"कॉलनीच्या गाड्यांनी," तात्या म्हणाले.

गोळ्या सुरू झाल्या. पाय घासणं कमी झालं, बटणं जरा लवकर लागू लागली. स्टिअरिंग मात्र सुटलं. पहिले कितीतरी दिवस तात्या सवयीनं उजव्या दाराशी जायचे, हँडलला हात लावायचे, आणि मग वळसा घालून डावीकडं यायचे. ते बघणं ऋतुजाला फार कठीण जायचं.

हात फिरवून घ्यायला आता कुणी नव्हतं, तेव्हा कॉलनीला आपापलाच हात सुधारावा लागणार होता. एका सकाळी महाडिक वहिनी दारात आल्या. "तात्या, तुम्ही नुसते शेजारी बसा. मी चालवते. चुकले तर ओरडा."

तात्या बसले. आणि ओरडलेही. त्यांच्या ओरडण्यानं वहिनींनी दोनदा गाडी भर चौकात बंद पाडली. मग देसाई सर आले, मग बशीरभाई. सरांना ब्रेकवर पाय आपटायची खोड होती. तात्या त्यांना म्हणाले, "सर, ब्रेक म्हंजी बँकेचा शिक्का न्हवं." रोज एकेका गाडीत डाव्या बाजूला तात्या इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे, आणि प्रत्येक वळणाआधी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "पलीकडं काय हाय?" बँकेत उभी हयात काढलेले देसाई सर भर रस्त्यात मोठ्यानं म्हणायचे, "म्हैस."

पुढच्या डोसाला तिन्ही गाड्या एकाच दिवशी लागल्या. तात्या बाहेरच्या बाकावर बसले होते. उजवा हात आता मधूनमधून थरथरायचा, म्हणून त्यावर डावा ठेवलेला. तांबोळी मॅडमनी ऋतुजाला काचेच्या दाराआड बोलावलं.

"हात तीन आहेत, आणि तिघांचे वेगवेगळे," त्या म्हणाल्या. "एक अजून घाई करतो. एकाचा ब्रेक अजून जड आहे. तिन्ही हिरवे. पण हे बघा. ही खूण मी एकाच हातात पाहिली होती."

तिन्ही गाड्यांच्या थरांवर वळणाच्या जरा आधी, समोर काही नसताना, डावीकडं बारीकशी ओढ होती.

ऋतुजा बाहेर आली आणि तात्यांसमोर उकिडवी बसली. 

"काय झालं? पुन्हा लाल?" तात्यांनी घाबरून विचारलं.

"नाही. तात्या, म्हैस दिसली. तिन्ही गाड्यांत."

 तात्यांनी हळूच विचारलं, "वळणाच्या आधी, का नंतर?"

"आधी."

तात्यांनी उजव्या हातावरचा डावा हात काढून घेतला. थरथरणारी बोटं तशीच उघडी राहू दिली, आणि पहिल्यांदाच ती लपवली नाहीत.

"मग वाचली म्हणायची," ते म्हणाले. उठले, आणि सरळ डाव्या दाराकडं चालू लागले.